थंड खोलीतला आरसा

हे घडलं १९९० साली. फिलिपिन्समधल्या आमच्या सेबू बेटावर कुणालाही ते साल सांगावं लागत नाही, कारण त्याच नोव्हेंबरात रुपिंग वादळ आलं आणि तेव्हापासून आमच्याकडे काळाचे दोनच तुकडे आहेत, रुपिंगच्या आधीचा आणि नंतरचा. कुणाचं लग्न कधी झालं, कुणी घरावर पत्रे कधी घातले, सगळं त्यावरून सांगतात. मी आता ब्याऐंशी वर्षांची आहे आणि ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांतले बहुतेक गेले. गेलेल्यांबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी तेवढी चांगली नाही.

माझा नवरा तेओपिस्तो काबाहुग. सगळे त्याला पिस्तो म्हणत. कोलोन रस्त्यावर आमचं चष्म्यांचं दुकान होतं, दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. पुढे मी गिऱ्हाईक बघायची, मागे तो काचा घासायचा. तेव्हाचं कोलोन आता राहिलं नाही. तेव्हा समोरच्या सिनेमागृहातली गाणी आम्हाला दुकानात फुकट ऐकू यायची, आणि दुपारी चारला एक बाई डोक्यावर टोपली घेऊन उकडलेली केळी विकायला यायची. पिस्तो केळं सोलायचा तेसुद्धा काच हाताळल्यासारखं, बोटांच्या टोकांनी.

या माणसाने मांदाउएच्या भंगारवाल्याकडून मोडीत काढलेल्या जहाजाची एक गोल खिडकी आणली. सोळा इंच रुंद, दीड इंच जाड काच. तिचा त्याला दुर्बिणीचा आरसा करायचा होता. दोन वर्षं तो दुकान बंद झाल्यावर एका पिंपावर ती काच ठेवून घासत होता. एका जागी उभं राहून घासलं तर खोलगटपणा एकीकडे झुकतो, म्हणून घासताना पिंपाभोवती फिरत राहावं लागतं. पिस्तो दोन वर्षं पिंपाला प्रदक्षिणा घालत होता.

“एवढं सरळ चालला असतास तर एव्हाना मनिलाला पोचला असतास,” मी म्हणायची.

“मध्ये समुद्र आहे,” तो म्हणायचा आणि फिरत राहायचा.

शेवटी शेवटी तो दिवा आणि दाढीचं पातं घेऊन बसायचा. आरशावरून परतलेला उजेड पात्याच्या धारेने हळूच कापत आणला की आरशाच्या तोंडावर सावली चढते. ती एकसारखी करडी चढली तर वक्र बरोबर. कुठे फुगवटा दिसला तर पुन्हा घासायचं. एका रविवारी त्याने मला बोलावून ती सावली दाखवली. ओल्या राखेसारखी, एकसारखी. “झाला,” म्हणाला. लग्नाच्या दिवशीही त्याचा चेहरा इतका उजळला नव्हता, आणि मी त्याला तसं सांगितलंही.

मग त्याने आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. तो आरसा त्याने मंडळाला वापरायला दिला.

आमच्या शहरात आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष अटर्नी लाब्रा. आमच्याकडे माणसाला नावाने नव्हे, पदवीने हाक मारतात. वकील असेल तर अटर्नी, पूल बांधणारा असेल तर इंजिनियर. बिनपदवीच्या माणसाला नोय, म्हणजे दादा. पिस्तो सगळ्यांचा नोय पिस्तो होता, त्याच्याहून मोठ्यांचासुद्धा.

अटर्नी लाब्रांना आकाशातलं किती कळत होतं ते सांगते. एकदा त्यांनी शाळेतल्या मुलींना शुक्र दाखवला. तो शुक्र हळूहळू खाली आला आणि माक्तानच्या विमानतळावर उतरला. अटर्नी म्हणाले, आज धुक्यामुळे शुक्र हलतोय. पण बुसायच्या डोंगरावर त्यांचं मोठं घर होतं, घरामागे रुळांवर सरकणाऱ्या छपराची खोली होती, आणि अमेरिकेहून त्यांच्या नावे एक मासिक यायचं. मंडळात तेवढं पुरे होतं.

त्या मासिकात कुणा थंड मुलखातल्या माणसाने लिहिलं होतं की मोठ्या दुर्बिणीचा आरसा दिवसभर तापतो, रात्री हवा गार होते, आरसा मात्र गरम राहतो, आणि त्याच्यावरून उठणाऱ्या वाफांमुळे ग्रह धूसर दिसतात. म्हणून आरसा आधीच गार करून ठेवावा. अटर्नींनी त्या ओळींखाली लाल शाईने रेघ मारली आणि सभेत दोनदा वाचून दाखवलं. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या गावी सूर्य मावळला की अंगावर घोंगडी घ्यावी लागत असणार. आमच्याकडे दिवस आणि रात्र यांच्यात फरक उजेडाचा असतो, उकाड्याचा नाही. हे सेबूच्या रस्त्यावरच्या कुत्र्यालाही माहीत आहे. ते दिवसाही जीभ बाहेर काढून बसतं आणि रात्रीही.

मंडळात इंजिनियर दाकाय होते. मासेमारीच्या जहाजांवर बर्फाच्या खोल्या बसवण्याचं त्यांचं काम. त्यांनी दुर्बिणीच्या खोलीला एसी बसवून दिला. आमच्या शहरात मानाच्या वस्तू एसीत ठेवतात: बँक, बड्या घरच्या नवरीचा झगा आणि मयत. आता त्यात पिस्तोचा आरसा गेला. दुपारी बारापासून रात्री छप्पर सरकवेपर्यंत एसी चालू.

पिस्तो सभेत उठून हळूच म्हणाला, “अटर्नी, काच जाड आहे. तिला आहे त्या हवेतच राहू द्यावं. गार-गरम झाली की तिचा आकार हलतो.”

“म्हणूनच तर बारापासून गार करतोय, नोय पिस्तो,” अटर्नी म्हणाले. “तुम्ही ते मासिक वाचलंत का?”

पिस्तो बसला. मी मागच्या खुर्चीवर होते, तिथूनच बोलले. “अटर्नी, माझा चष्मा बघा. बँकेतून बाहेर पडले की असा पांढरा होतो की मला रस्ता दिसत नाही. ही तर सोळा इंचांची काच.”

सभेत हशा झाला. इंजिनियर दाकाय तर डोळे पुसायला लागले.

“मिसेस काबाहुग,” अटर्नी म्हणाले, “चष्मा नाकावर असतो. हे विज्ञान आहे.”

जुलैत दुर्बिणीचं उद्घाटन झालं. पाद्रे बोलावले होते. आमच्याकडे नवी जीपसुद्धा पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय रस्त्यावर येत नाही. पाद्रेंनी दुर्बिणीवर पाणी शिंपडलं. छप्पर सरकलं, बाहेरची दमट हवा आत आली आणि दोन मिनिटांत आरशावर दव धरलं, बर्फाच्या सरबताच्या पेल्यावर धरतं तसं. कुणीतरी म्हणालं की पाद्रेंनी पाणी जास्त शिंपडलं. मिसेस लाब्रांचा केस वाळवायचा ड्रायर आणला गेला आणि इंजिनियर दाकाय पंधरा मिनिटं आरशावर गरम हवा सोडत उभे राहिले. म्हणजे काच आतून बर्फाच्या खोलीतल्या माशासारखी गार आणि वरून ब्यूटी पार्लरमधल्या डोक्यासारखी गरम. पिस्तो कोपऱ्यात उभा राहून बघत होता. मी त्याला कोपराने ढोसलं. त्याच्या त्या न बोलण्याचा मला अजून राग येतो.

मग सगळ्यांनी शनी पाहिला. पाद्रेंनी डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि विचारलं, “हा वितळतोय का?”

तसाच दिसत होता तो. कडी होती, पण कुठे संपते आणि ग्रह कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. वाफेवर जास्त वेळ राहिलेल्या भाताच्या गोळ्यासारखा. ऑगस्टमध्येही तसाच, सप्टेंबरमध्येही. ऑक्टोबरात मंगळ आला, तो तर नुसता नारिंगी डाग. दर वेळी तेच: दुपारपासून एसी, मग दव, मग ड्रायर, मग डाग.

मंडळात एकच माणूस जे दिसतं ते कागदावर उतरवायचं. मिस ओलिव्हा बाकाल्सो, माबोलोच्या शाळेत शिकवायची, पंचविशीची असेल. तिच्या वहीत त्या चार महिन्यांचे ग्रह अजून आहेत, सगळे धूसर. अटर्नी तिला म्हणायचे, “मिस, जरा स्पष्ट काढा, मनिलाला पाठवायचंय.” ती म्हणायची, “दिसेल तसं काढते, अटर्नी. तुम्ही स्पष्ट दाखवा, मी स्पष्ट काढते.” मला ती पोरगी तेव्हापासून आवडते.

मग अटर्नींना दोषी सापडला. वकीलच ते. एसी त्यांच्या घरचा, मासिक अमेरिकेचं, ड्रायर बायकोचा. उरला कोण? एका चष्मेवाल्याने भंगारातल्या काचेचा घासलेला आरसा.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी समिती बसवली. तीन माणसांची समिती, त्यांतले दोन लाब्रा. पिस्तोने दिवा आणि पातं घेऊन सगळ्यांसमोर आरसा तपासून दाखवायचा असं ठरलं, आणि तेही त्या थंड खोलीतच. समिती येणार म्हणून दाकायांनी एसी पूर्ण सोडून ठेवला होता. आदल्या रात्री आरशावर पुन्हा ड्रायर फिरला होताच. पिस्तोने पातं सरकवलं. मी त्याच्या मागून बघत होते. सावली चढली ती एकसारखी नव्हती. कडेला सगळीकडून खाली पडलेली, जुन्या टोपीच्या काठासारखी.

पिस्तोने पातं खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, “कड पडलीय.”

“नोंद करा,” अटर्नी म्हणाले. “नोय पिस्तोंनी स्वतः मान्य केलं.”

घरी येताना जीपमध्ये मी त्याला म्हटलं, “अरे, त्या बर्फाच्या पेटीत माझ्या गुडघ्यांचाही आकार बदलला. काचेचा बदलणार नाही?”

“मी डोळ्यांनी पाहिलं, मेना.”

“त्या रविवारीही डोळ्यांनीच पाहिलं होतंस.”

“तेव्हा मला तसं दिसायला हवं होतं, म्हणून दिसलं असेल.”

इथे मला खरी भीती वाटली. माणूस दुसऱ्याच्या शब्दाने हरला तर भांडून परत आणता येतो. हा स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवून बसला होता. मंडळाने ठराव केला: आरसा सदोष आहे, नोय पिस्तोंनी तो पहिल्यापासून पुन्हा घासावा, नाहीतर मंडळ अमेरिकेहून नवा मागवेल. पिस्तोने मान हलवली. पहिल्यापासून घासायचं म्हणजे भरड पूड घालून तो वक्र पुसून टाकायचा. दोन वर्षांच्या प्रदक्षिणा एका दुपारी पुसल्या जातात. आणि गोष्ट दुकानापर्यंत आली. इंजिनियर दाकायांची बहीण चष्म्याची काच बदलायला यायची, तिने येणं सोडलं. बाजारात म्हणाली, “कडा पडलेल्या काचा घालून मी जिन्यावरून पडायचे.” पिस्तोने ते ऐकलं आणि त्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकाची बरोबर बसलेली काच तीन वेळा काढून पुन्हा घासली.

बारा नोव्हेंबरला रेडिओवर वादळाचा इशारा आला. पिस्तो बुसायला गेला आणि आरसा चादरीत गुंडाळून जीपमधून मांडीवर घेऊन घरी आला. बाकी कुणाला त्या आरशाची आठवण झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी रुपिंगने अटर्नींच्या खोलीचं सरकतं छप्पर सरकवायची वाट न बघता उचललं आणि खालच्या बांबूच्या बनात फेकलं. लाकडी नळी आणि तिचा पाया मात्र जागेवर राहिले, पिस्तोने ते जहाजाच्या प्लायवूडचे केले होते म्हणून.

शहरात वीज गेली ती आठवडेच्या आठवडे आली नाही. बंदरात जहाजं कुशीवर पडली होती. पाण्यासाठी रांगा, मेणबत्त्यांसाठी रांगा, आणि आमच्या दुकानापुढेही रांग. वादळाने शहरातले निम्मे चष्मे फोडले असावेत. दाकायांची बहीणही त्या रांगेत उभी राहिली. मी तिला शेवटपर्यंत उभी ठेवली. पिस्तो दिवसाच्या उजेडात काचा घासत राहिला आणि म्हणाला, “नाताळपर्यंत लोकांचे डोळे. सव्वीस तारखेला आरसा पिंपावर.”

आरसा आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर पडून होता. मी रोज त्याला वळसा घालून भात शिजवायची.

“एकदा घरी पात्याने तपासून तर बघ,” मी म्हणायची.

“एकदा पाहिलं ते पुरे.”

त्याला पुन्हा ती पडलेली कड बघायची नव्हती. मी त्याच्या मागे लागले, रडले, दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्याला पुन्हा बुसायला नेलं ते अटर्नींच्या कागदपत्रांच्या हौसेने. अटर्नींना कुठलीही गोष्ट सहीशिवाय संपलेली चालत नसे. त्यांचा निरोप आला: आरसा मोडीत काढण्यापूर्वी मंडळाने तो शेवटचा पाहून अहवालावर सह्या करायच्या आहेत. नाताळाआधी नऊ पहाटे चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थना, होतात; त्यांपैकी वीस डिसेंबरची मिसा बुसायच्या चॅपलमध्ये लाब्रांतर्फे होती. मिसा पुरस्कृत करणाऱ्याने सगळ्यांना खायला घालायचं असतं, त्यामुळे मंडळ झाडून येणार होतं. मिसानंतर, उजाडायच्या आत, गुरू बघून घ्यायचा आणि सह्या करायच्या.

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही आरसा घेऊन वर गेलो, कारण पहाटे जीप मिळणार नव्हती. रस्त्यात झाडं अजून आडवी होती. मिस बाकाल्सो आमच्याबरोबर होती; तिने आरशाची एक बाजू धरली, मी दुसरी. पिस्तोने आरसा नळीत बसवला, स्क्रू फिरवून सरळ केला. छप्पर नव्हतंच. दुर्बीण उघड्यावर उभी होती आणि आजूबाजूला डोंगर काळा, खाली शहर काळं. त्या महिन्यात सेबूवर जेवढे तारे होते तेवढे मी लहानपणी पाहिले होते, त्यानंतर नाही.

तेवढ्यात इंजिनियर दाकायांचा ट्रक आला. त्यात जनरेटर होता.

“एसी चालवायला हवा,” ते म्हणाले. “छप्पर नाही, पण ताडपत्री बांधतो. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, तपासणी नियमाप्रमाणे झाली नाही.”

“बरोबर,” अटर्नी म्हणाले. “नियम सगळ्यांना सारखा.”

पिस्तो ताडपत्री धरायला पुढे झाला. माझा नवरा. स्वतःच्या फाशीचा दोर वळायला मदत करणारा माणूस मी त्या संध्याकाळी पाहिला.

मंडळाला चष्म्याचं उदाहरण देऊन झालं होतं. मी स्वयंपाकघरात गेले. मिसेस लाब्रा चार बायकांना घेऊन दोनशे माणसांपुरतं मांस बर्फाच्या लाद्यांत रचत होत्या, आणि त्या लाद्या दुपारीच अर्ध्या झाल्या होत्या.

“मिसेस, फ्रीझर बंदच आहे का?” मी विचारलं.

“वीज कुठाय?”

“बाहेर इंजिनियरनी जनरेटर आणलाय. मला वाटलं तुमच्यासाठीच असेल.”

त्या हातातला सुरा घेऊनच बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले, तेवढी हौस मला होती.

“क्रिसोलोगो,” त्या अटर्नींना म्हणाल्या, “हे यंत्र कशाला आहे?”

“आरसा गार करायला. रात्रभर.”

“आणि माझं डुक्कर?”

“अगं, हा मंडळाचा विषय आहे.”

“उद्या दोनशे माणसं येणार. मांसाला वास आला तर पाद्रेंना काय आरसा चाटायला देऊ?” मग त्या दाकायांकडे वळल्या. “इंजिनियर, तार स्वयंपाकघरात न्या. आणि ती ताडपत्री द्या, चुलीवर बांधायचीय.”

न्यायालयात कुणाचं न ऐकणारे अटर्नी ताडपत्रीचं टोक सोडून बाजूला झाले. रात्रभर जनरेटर डुकरासाठी घरघरत राहिला आणि आरसा उघड्यावर, आमच्या सगळ्यांसारखाच, त्याच हवेत राहिला. मी व्हरांड्यात चटईवर झोपले आणि छान झोपले.

पहाटे चारला मेणबत्त्यांच्या उजेडात मिसा झाली. पाद्रेंनी लाब्रांचं नाव तीनदा घेतलं, देवाचं त्याहून थोडं जास्त. मग लोक चिकट भात आणि वाफाळतं चॉकलेट घेऊन अंगणात पांगले आणि मंडळ दुर्बिणीकडे गेलं. पूर्वेला फिकट पडायला लागलं होतं. गुरू पश्चिमेकडे कललेला, अजून ठळक. पिस्तोने नळी वळवली, भिंग बसवलं, आणि न बघताच बाजूला झाला.

पहिला मान अटर्नींचा. त्यांनी एका हातात अहवाल धरून डोळा लावला. मग अहवाल खाली केला. मग दुसरा डोळा लावला.

“इंजिनियर,” शेवटी म्हणाले, “बघा जरा.”

दाकायांनी पाहिलं आणि म्हणाले, “हा तोच आरसा आहे?”

मिस बाकाल्सोने पाहिलं, वही उघडली, गुडघ्यावर ठेवली आणि काढायला लागली. काढता काढता तिने मला हात धरून पुढे ओढलं. “मानांग मेना, बघा,” म्हणाली. ती मला मानांगच म्हणायची, ताई.

मी पाहिलं. गुरूची कड पात्याने कापल्यासारखी होती. त्याच्यावर तपकिरी पट्टे, आणि पट्टे सरळ नव्हते, सोडलेल्या दोराच्या पिळासारखे कडांना उसवलेले, त्यांतून निळसर धागे लोंबत होते. एका पट्ट्याशेजारी एक काळा ठिपका, तिळाएवढा, वाटोळा. “ही चंद्राची सावली,” मिस म्हणाली, “त्याच्या एका चंद्राची.” चॉकलेटचा पेला हातात घेऊन मागे उभ्या असलेल्या एका पाव विकणाऱ्या बाईनेही डोळा लावला आणि विचारलं, “खालचा पट्टा मध्येच तुटलाय, तो का?” चार महिने मंडळाला कुठल्याही ग्रहाची कडसुद्धा धड दिसली नव्हती.

“पिस्तो,” मी म्हटलं, “ये.”

तो आला. स्टुलावर चढला. उतरला तेव्हा त्याने मिसला विचारलं, “कड पसरट दिसली का कुठे?”

“नाही, नोय पिस्तो.”

“खरं सांग.”

ती वही त्याच्यासमोर धरून उभी राहिली. त्याने वही पाहिली, मग आपले हात पाहिले, आणि ते शर्टाला पुसले, जरी त्यांना काही लागलेलं नव्हतं.

मला वाटलं, आता अटर्नी माफी मागतील. अठ्ठेचाळीस वर्षांची झाले होते, तरी मला असं वाटलं.

अटर्नींनी घसा साफ केला आणि जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले, “मित्रहो, रुपिंगने वातावरण धुऊन काढलंय. आणि चार महिन्यांच्या नियमित शीतकरणाने काच मुरलीय. लोणच्यासारखंच असतं हे. मंडळाने धीर धरला, त्याचं हे फळ.” त्यांनी अहवालावर ‘सदोष’ शब्द खोडला आणि वर लिहिलं ‘मंडळाच्या देखरेखीखाली सुधारलेला’. “करा सह्या. वीज आली की आरसा पुन्हा एसीत. सुरुवात केली ती मोडायची नाही.”

दाकायांनी सही केली. बाकीच्यांनीही केली. पेन पिस्तोपुढे आलं.

पिस्तोने ते घेतलं नाही. नळीच्या तळाशी बसून त्याने स्क्रू सैल केले, एक एक, आणि आरसा बाहेर काढला. “नोय पिस्तो, काय करताय?” अटर्नींनी विचारलं.

“घरी नेतोय.”

“तो मंडळाचा आहे.”

“काच माझी आहे, अटर्नी. मंडळाचा एसी आहे.” त्याने चादर गुंडाळली. “याला काही झालेलं नव्हतं. तुम्ही निरोग्याला दवाखान्यात ठेवलं होतं.”

पिस्तोच्या तोंडून मी पंचवीस वर्षांत ऐकलेलं ते सर्वांत लांब भाषण. आम्ही तिघं आरसा घेऊन डोंगर उतरलो. मिसेस लाब्रांनी मागून पानात बांधून मांस पाठवलं. ते ताजं होतं.

सव्वीस तारखेला आरसा पिंपावर गेला नाही. पिस्तोने आमच्या अंगणात नवी नळी केली, वर फक्त ताडाच्या झावळ्यांचं छप्पर, चारी बाजूंनी मोकळी. तो दर संध्याकाळी बघायचा आणि जो येईल त्याला दाखवायचा. दुकान २००४ पर्यंत चाललं. तो २०११ मध्ये गेला, झोपेत, कुणालाही न सांगता, जसा जगला तसा.

अटर्नी लाब्रांनी अमेरिकेहून आरसा मागवला, साडेसतरा इंचांचा. वीज आली, एसी सुरू झाला, दव आलं, ड्रायर आला, आणि शनीसारखा गुरूही वितळला. तेव्हा त्यांनी सभेत सांगितलं की फिलिपिन्सची हवाच ग्रहांना लायक नाही. दोन वर्षांत मंडळ संपलं. त्यांच्या निधनानंतर वर्तमानपत्राने त्यांना सेबूच्या खगोलशास्त्राचे जनक म्हटलं. मी ते पान कांदे बांधायला वापरलं.

इंजिनियर दाकाय व्हँकुव्हरला मुलाकडे गेले. तिथे हिवाळ्यात एसी कुणी विकत घेत नाही असं त्यांनी कुणालातरी पत्रात कळवलं, जणू हा शोध होता. त्यांच्या बहिणीने पुढे आमच्याकडूनच चार चष्मे करून घेतले.

मिसेस लाब्रांनी त्या खोलीत ऑर्किड लावली, एसी काढून. ती उत्तम वाढली. त्या माझ्याकडे नाताळात यायच्या. आमची चांगली मैत्री झाली, त्या जनरेटरबद्दल मात्र आम्ही कधी बोललो नाही.

ओलिव्हा बाकाल्सो मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. लग्न केलं नाही. विचारणारे आले, तिला त्यांच्यातलं जे दिसलं ते तिने स्पष्ट सांगितलं. पिस्तो गेल्यावर आरसा मी तिला दिला. तिने गेल्या वर्षी त्याच्यावर चांदीचा नवा थर चढवला आणि शाळेच्या गच्चीवर बसवला. मला जिना चढवत नाही. ती वही घेऊन रविवारी येते आणि मी चष्मा लावून तिने काढलेला गुरू बघते.